आतली माय, बाहेरची माय

परवा माझ्या नातसुनेनं मला एक प्रश्न विचारला. ती इथं लातूरलाच शाळेत शिकवते. पोरीला काय दाखवावं, काय दाखवू नये, याचा तिला फार घोर. म्हणाली, "आजी, एक सिनेमा आलाय. जुन्या परीकथेवरचा. मुलांचाच म्हणतात, पण सगळा अंधार अंधार आहे त्यात. एक बाई मुलांच्या सावल्या कापून नेते. दाखवू का हिला?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

ती हसली. "आजी, त्यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

आता तिला काय सांगू? तिला वाटलं म्हातारीला सिनेमातलं काय कळतंय. पण या एका गोष्टीतलं मला जेवढं कळतं तेवढं तिच्या शाळेतल्या कुणाला कळत नसेल. माझ्या धाकट्या बहिणीला परीच्या सिनेमानं धरलं होतं. धरलं म्हणजे धरलंच, दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

तेव्हा आम्ही नांदेडला होतो. निजामाचं राज्य होतं. वडील तहसील कचेरीत कारकून, सगळा कारभार उर्दूत, घरात मात्र मराठी. भाड्याच्या दोन खोल्या, मागं पडवी, पडवीच्या पुढं परसू आणि न्हाणीचा दगड. घरात आम्ही पाच माणसं: आईवडील, मी, धाकटी आणि आत्या. आईला आम्ही माय म्हणायचो. आत्या देगलूरला दिलेली, लवकर विधवा होऊन भावाकडं आलेली. बोलताना मधेच तेलुगू शब्द टाकायची. तिच्या गोष्टी ऐकायला गल्लीतल्या पोरी यायच्या.

आत्याची गोष्ट ऐकायची तर एक कायदा होता. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. तिनं एक वाक्य बोलायचं, आपण "हूं" म्हणायचं, मग ती पुढचं बोलणार. हूं नाही आलं तर गोष्ट तिथंच उभी. हुंकाऱ्याचं काम धाकटीकडं असायचं. ती पाच-सहा वर्षांची, पण काय रुबाब तिचा! सगळ्यांच्या पुढं बसून "हूं" म्हणायची, जशी काही तिच्याच हुकमानं राजा शिकारीला निघायचा.

आत्याच्या गोष्टीतली एक गोष्ट दोन मायांची. एक माय रानात जाते, लेकीला सांगते, कडी लावून घे, मी आल्याबिगर उघडू नको. सांजच्याला दाराशी माय येते. थोड्या वेळानं आणखी एक माय येते. दोघींचं तोंड एक, आवाज एक, लुगडं एक. त्यातली एक राक्षशीण. लेक आत उभी, कडीला हात. आता कुणासाठी उघडायचं?

इथं आल्यावर आत्या थांबायची. धाकटीच्या तोंडाकडं बघायची. हूं जोरात आलं की ती राक्षशिणीला आणखी थोडं खेळवायची, दात दाखवायची. हूं बारीक झालं, पोरगी माझ्या मांडीला चिकटायला लागली, की आत्या लगेच म्हणायची, "मग काय, उभी राहून राहून राक्षशिणीचे पाय दुखले, गेली बापडी परत!" दार काही कधी चुकीचं उघडलं नाही आत्यानं. निदान आमच्या घरात तरी नाही.

त्या साली नांदेडच्या टॉकीजमध्ये नेमका तोच किस्सा सिनेमात आला. कुणी कुठून उचलला देव जाणे, अशा गोष्टी सगळ्या मुलखांत फिरतच असतात. बैलगाडीवर ताशा वाजवत जाहिरात फिरली. कागदावर पंखांची परी काढलेली. परी म्हणजे पोरांचा खेळ, असं सगळ्यांनी धरून चाललं. वडीलसुद्धा म्हणाले, "जाऊ द्या सगळ्यांना, दुपारचा जनाना खेळ हाय."

जनान्याची जागा माडीवर असायची, पुढं जाड पडदा. दिवे असेपर्यंत पडदा ओढलेला, खालच्या पुरुषांना बाया दिसू नयेत म्हणून. अंधार झाला की पडदा सरकवायचा. खास जनाना खेळ असला तरी मालकानं ती रीत मोडली नव्हती. पडद्याची दोरी आमच्याच गल्लीतल्या खालाच्या हातात असे. तिचे मियाँ तिथं तिकिटं फाडायचे आणि खाला माडी सांभाळायची. तिनं आम्हाला अगदी पुढं बसवलं. "आओ, आओ, कारकून साब की बेगम आई!" असं म्हणून मायची थट्टाही केली. माय लाजून पदर तोंडाला लावून बसली. तिचा तो पहिलाच सिनेमा.

पडदा सरकला. गाणी झाली, परी झाली, बाया खुशीत. मग ती सांज आली. लेक आत, कडीला हात, बाहेर माय. आणि मग दुसरी माय.

आत्याच्या गोष्टीतल्या दोन मायांना आमच्या डोक्यात चेहरे नव्हते हो. इथं एकाच नटीनं दोन्ही कामं केलेली. एवढी मोठी दोन तोंडं, सारखीच. एक खिडकीशी रडते, एक दाराशी रडते. मला दहा-अकरा वर्षांचीला कळेना कुठली खरी, तर धाकटीला काय कळणार? दोघीही आईच दिसत होत्या. राक्षशिणीला शिंगं दिली असती तर कुणी भ्यालं नसतं.

लेकीनं कडीवर हात ठेवला आणि सिनेमात सगळं गप्प झालं. धाकटीला वाटलं, आपल्यासाठीच थांबलंय. सवयीनं ती केवढ्यांदा तरी म्हणाली, "हूं!"

माडीवरच्या बाया खदाखदा हसल्या. आणि तिकडं दार उघडलं.

आत आली ती दुसरी. तिनं कडी लावली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडं तोंड करून नुसती हसली. बाहेर खरी माय दार वाजवायला लागली. आधी जोरात, मग हळूहळू, मग कंदील घेऊन अंधारात निघून गेली. धाकटीनं अशी किंकाळी फोडली की हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. मायनं तिला उचललं, मला हाताला धरलं, आत्याला म्हणाली, "चला वन्सं, बास झाला ह्यो खेळ." खाला मागून म्हणतच होती, "अगे बैठो ना, आगे अच्छा है, आगे अच्छा है!" पण कोण थांबतंय. लेकरू थरथर कापत असताना कुठली आई थांबेल?

नातसून म्हणते, घाबरली तर लगेच बंद करेन. बंद केलं की खोलीतलं बंद होतं. पोरीच्या डोक्यात ते दार उघडंच राहतं.

आणि आता बघा योग कसा. त्याच दिवशी घरी आल्यावर माय बाजूला बसली. तेव्हा घरोघरी तीच रीत. पोरींना सांगायचं, कावळा शिवला. माय मागच्या पडवीत, घोंगडीवर. तिला शिवायचं नाही, ताट वरून वाढायचं. आणि पडवीत कुत्री येऊन मग घरात शिरायची, म्हणून दिवेलागणीला आत्या मधलं दार लावून घ्यायची. कडी लावून.

दर महिन्याला होणारी गोष्ट. आम्हा कुणाच्या मनातही काही आलं नाही. आत्यानं कडी लावली, चुलीकडं वळली, आणि बाहेरून माय म्हणाली, "अक्के, जरा पाणी दे गं."

अक्का म्हणजे मी. मी उठले, तर धाकटी दाराला पाठ लावून उभी. तोंड पांढरं फटक.

"आत्या, आत घ्या तिला," ती म्हणाली. "ही खरी हाय."

आत्या म्हणाली, "आत कशी घेऊ गं? कावळा शिवला न्हाई का तिला?"

"मी हूं म्हणाले म्हणून झालं हे."

आत्याला काही समजलं नाही. मला समजलं, पण पोरीचं बोलणं, हसण्यावारी नेलं. माय बाहेरून हसून म्हणाली, "खरी तर खरी. पाणी तर दे!" मी दार उघडून वरून पाणी ओतलं, पुन्हा कडी लागली. तेवढे दिवस धाकटी सांजच्याला त्या दाराशी बसायची, लाकडाला कान लावून. बाहेर माय तिला काहीबाही बोलत राहायची, अंगाई म्हणायची. आता नुसता तो आवाज आठवला तरी माझ्या हातातलं काम थांबतं. दाराच्या पलीकडून येणारा आईचा आवाज, आणि अलीकडं तिला आत घ्यायला न मिळणारं लेकरू.

मग न्हाणं झालं. माय पहाटेच उठून डोक्यावरून न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली, ओले केस तसेच सोडून चुलीशी येऊन बसली. घोंगडी धुऊन दोरीवर टाकलेली. धाकटी जागी झाली ती आधी पडवीत पळाली. पडवी रिकामी. धावत आत आली, चुलीशी बसलेली माय बघितली, आणि जागच्या जागी थिजली.

"बाहेरची माय कुठं गेली?"

माय म्हणाली, "ही काय मी. ये इकडं, दूध घे."

ती गेली नाही. माझ्यामागं लपली आणि तिथून मायला बघत राहिली. मी इतकी वर्षं जगले, माणसांनी माणसांना बघितलेलं पुष्कळ बघितलं. तसं बघणं पुन्हा नाही पाहिलं. ओळखीच्या तोंडात अनोळखी माणूस शोधत होती ती.

त्या दिवसापासून तिनं मायच्या हातचं खाल्लं नाही. मी भरवलं तर दोन घास, आत्यानं भरवलं तर एक. मायनं हात पुढं केला की तोंड घट्ट. मायला पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला, मग एके दिवशी तिनं पोरीला समोर बसवलं आणि म्हणाली, "बघ, तुझ्या पाठीवर कुठं तीळ हाय ते सांगू? तू झोपेत काय बोलतीस ते सांगू? दुसऱ्या बाईला ठावं असंल का हे?"

धाकटी म्हणाली, "दोघींला बी सगळं ठावं असतं."

खरंच की. गोष्टीत तसंच होतं. आता यावर कुठल्या आईनं काय पुरावा द्यावा?

आत्यानं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. वडिलांनी ओरडून पाहिलं, मग लालूच दाखवून पाहिली. पोरगी वाळत चालली, गळ्याची हाडं दिसायला लागली. माय काम करता करता मधेच उभी राहायची आणि आरशाच्या तुकड्यात स्वतःचं तोंड बघायची. एकदा मला म्हणाली, "अक्के, माझं काय बदललंय का गं?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं का नाही, मला सांगता येणार नाही.

वडिलांनी ठरवलं, पोरीला पुन्हा नेऊन पुढचा सिनेमा दाखवायचा. पण सिनेमाच्या रिळांच्या पेट्या केव्हाच परभणीला गेलेल्या. मग खालाला बोलावलं. तिनं तो खेळ रोज बघितलेला. खाला दर्ग्यातलं दम केलेलं, दुवा पढून फुंकलेलं पाणी घेऊनच आली, धाकटीला जवळ ओढून म्हणाली, "नक्को डर बेटा. तेरी अम्मा वापस आती ना! बच्ची जाती जंगल में, परी रस्ता दिखाती, असली अम्मा मिल जाती. घर आते दोनों."

धाकटी ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरा रंग आला. हळूच विचारलं, "मग आतलीचं काय झालं?"

"अंदरवाली?" खाला खुशीनं म्हणाली, "उसको जला दिया चूल्हे में! राख हो गई कमीनी!"

बाया कशा सांगतात, हातानं असा भडका करून दाखवला तिनं. तिला वाटलं पोरगी टाळ्या वाजवेल. धाकटीनं चुलीकडं बघितलं. माय तिथं भाकरी थापत बसली होती. आणि ही पोरगी जी रडायला लागली, ती खालाच्या कुशीतून निसटून पलंगाखाली शिरली. बाहेरच निघेना. खाला बिचारी कानाच्या पाळ्या धरून "मैंने क्या बोली, मैंने क्या बोली" करत राहिली.

मी वर म्हणाले, मधेच बंद केलं की ते दार उघडंच राहतं, म्हणजे सिनेमा पुरता दाखवायला हवा होता. हे लिहिताना माझंच मला पटेनासं झालंय. शेवट गोड होता, पण कुणासाठी गोड? रोज दूध तापवणारी, भाकरी थापणारी, ताट वाढून दूर सरकणारी बाई आता आतलीच होती ना. खरी परत आली की हिला चुलीत घालणार. मोठ्यांना वाटतं शेवटी वाईट मेलं की लेकरू शांत झोपतं. त्या वाईटाचं तोंड त्याच्या आईसारखं असेल तर?

त्या दिवशी भाकरी झाल्यावर माय पलंगाशी जमिनीवर आडवी झाली, पोरीला दिसेल अशी. म्हणाली, "ऐक. मी न्हाई तुझी माय. झालं?"

मी आणि आत्या तिथंच होतो. आत्या म्हणाली, "अगं अभद्र काय बोलतीस तिन्हीसांजेला!"

मायनं तिच्याकडं बघितलंही नाही. "तुझी माय येईल तवा येईल. पण तवर तुझी वेणी कोण घालणार? गुंता झाला की डोक्यात. ती आली अन् म्हणाली, माझ्या लेकीचे असे हाल का केले, तर मी काय सांगू? तवर मला करू दे. ती आली की मी जाईन."

मग पलंगाखालून एक हात बाहेर आला. माय उठून बसली, तेलाची वाटी घेतली, आणि धाकटी तिच्याकडं पाठ करून बसली. माय गुंता सोडवत होती आणि तिचे डोळे वाहत होते. धाकटीला दिसत नव्हते, मला दिसत होते.

त्यानंतर ती मायच्या हातचं जेवायला लागली. आम्ही सगळे म्हणालो, सुटलो. आत्यानं देवीला नारळ फोडला. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. माय चुलीशी बसली की धाकटी मागून तिचा पदर धरून ओढायची. "लांब बस. लांब बस ना." माय म्हणायची, "अगं, भाकरी करपती!" तरी पोरगी पदर सोडायची नाही.

पुढचा महिना आला. माय पुन्हा पडवीत जायला निघाली तर धाकटी दारात आडवी. "जायचं न्हाई. तू बाहेर गेलीस की ती येईल."

"येऊ दे की," माय म्हणाली. "तुला तीच पाहिजे न्हाई का?"

पोरीनं सरळ मायच्या कमरेला मिठी मारली.

"झालं! शिवली!" आत्यानं कपाळावर हात मारला. "आता हिला बी बाहेरच बसव. आत येताना दोघींच्या डोक्यावरून पाणी ओता." आत्याला वाटलं शिक्षा केली. धाकटी खुशाल घोंगडी ओढत मायच्या मागं पडवीत गेली.

ते सगळे दिवस ती पडवीत राहिली. मी दोन ताटं वरून वाढायची. दिवेलागणीला आत्या कडी लावायची, आणि या वेळी दारापलीकडून दोन आवाज यायचे. काय बोलायच्या कुणास ठाऊक, मधेच दोघी हसायच्या. मला आत बसून हेवा वाटायचा, खरं सांगते. परसातून कुणी येतंय का, याच्यावर ती नजर ठेवून असायची, असं माय नंतर म्हणाली. पेंगली की स्वतःलाच चिमटा काढायची.

न्हाण्याच्या दिवशी मायनं तिला उठवलं, दोघी दगडावर बसल्या, मी पाणी ओतलं. मग दोघी ओल्या केसांनी उंबऱ्यातून आत आल्या. धाकटीनं मायचं बोट इतकं घट्ट धरलेलं की पांढरं पडलं होतं. आत आल्या आल्या तिनं मागं वळून स्वतःच्या हातानं दार लावलं. कडीला तिचा हात पुरेना, मला म्हणाली, "अक्के, कडी लाव." मी लावली.

माय फणी घेऊन बसली. तिचे केस सोडता सोडता हसत विचारलं, "आता तरी ओळखलंस का मला?"

"हाव," धाकटी म्हणाली. "तू दुसरीच हायस."

मायच्या हातातली फणी थांबली.

"पण मी कुणाला सांगणार न्हाई," धाकटी म्हणाली, आणि वेणीसाठी मान खाली घातली.